उद्याच्या शटडाऊनसाठी आजची वही

बडोदे. शनिवार, रात्री साडेनऊ.

उद्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, सकाळी आठ ते एक शटडाऊन: वीज बंद ठेवून कारखान्याचा ट्रान्सफॉर्मर तपासायचा. पाच तास ऐकायला भरपूर वाटतात. त्यातला पहिला तास परमिट (कामाची लेखी परवानगी), आयसोलेशन (सगळीकडून वीज तोडून कुलूप लावणं) आणि अर्थिंगमध्ये (जमिनीशी जोडण्यात) जातो, शेवटचा अर्धा तास अर्थिंग काढून परमिट परत करण्यात. उरले साडेतीन. त्यात गणितं करत बसायला वेळ नसतो, म्हणून ती आज.

ट्रान्सफॉर्मर 1000 केव्हीए, 11 केव्ही/433 व्होल्ट, जोडणी डीवायएन11, इम्पीडन्स 5 टक्के. पानावर मधोमध उभी रेघ मारली आहे. डावीकडे जे आकडे यायला हवेत ते, उजवीकडे उद्या येतील ते.

सोबत कलाभवनची दोन मुलं येणार आहेत. सयाजीराव महाराजांनी 1890 मध्ये सुरू केलेलं कलाभवन आज विद्यापीठाची इंजिनिअरिंग फॅकल्टी आहे. मुलांचं गणित पक्कं असतं. साइटवर जायच्या आधी ते करून ठेवायची सवय मात्र लावावी लागते. तयारी म्हटली की सगळे आधी बॅग भरायला घेतात. मला डावा रकाना जास्त महत्त्वाचा वाटतो.

आधी रेशो, म्हणजे दोन्ही बाजूंच्या व्होल्टेजचं गुणोत्तर. एचटी (11 केव्हीची बाजू) डेल्टा जोडणीत, एलटी (433 व्होल्टची बाजू) स्टारमध्ये, तेव्हा 11000 ला 433 ने नाही, एका फेजच्या 250 व्होल्टने भागायचं: 44. एचटीचे वेढे कमी-जास्त करणारे अडीच-अडीच टक्क्यांचे पाच टॅप, म्हणजे 46.2, 45.1, 44.0, 42.9, 41.8. सूट अर्धा टक्का, त्यामुळे मधल्या टॅपला 43.78 ते 44.22. मोजताना एचटीच्या यू-व्ही टर्मिनलसमोर एलटीचा यू-न्यूट्रल, पुढे त्याच क्रमाने. लीड (मीटरची वायर) चुकली तर आकडा 44 च्या जवळपास फिरकत नाही, आणि डावा रकाना कोरा असला की माणूस वाइंडिंगलाच दोष देऊन बसतो.

सगळ्यात जास्त फजिती होते ती शॉर्ट सर्किट टेस्टमध्ये. एलटीचे तिन्ही फेज शॉर्ट करून एचटीला 415 व्होल्ट द्यायचे. एचटीचा फुल लोड करंट 52.5 अँपिअर. 415 म्हणजे 11000 चे 3.77 टक्के, इम्पीडन्स 5 टक्के म्हणजे एलटी शॉर्ट असताना 5 टक्के व्होल्टेजलाच 52.5, तर 3.77 ला 39.6. म्हणजे 16 अँपिअरचा पॉइंट इथे टिकणार नाही, रीडिंग घेता घेताच एमसीबी पडेल. 63 चा एमसीबी आणि 10 स्क्वेअर मिमीची तांब्याची केबल न्यायची. त्याच वेळी एलटी बाजूला 25.4 पट, म्हणजे सुमारे 1006 अँपिअर वाहतात! तिथे हाताला लागेल तो वायरचा तुकडा बांधला तर तो तापून लाल होतो. त्याचा रेझिस्टन्स मोजणीत मिसळतो, करंट कमी दिसतो आणि निरोगी ट्रान्सफॉर्मर आजारी ठरतो. म्हणून 50×10 मिमीचा तांब्याचा फ्लॅट, बुशिंगच्या टर्मिनलवर घासून, बोल्टने घट्ट. रीडिंग झटपट घेऊन सप्लाय बंद. सप्लाय नेमका 415 मिळेलच असं नाही, म्हणून शेजारी लिहून ठेवलं: दर 10 व्होल्टला 0.95 अँपिअर. 400 मिळाले तर 38.2.

मेगरचं, म्हणजे इन्सुलेशन रेझिस्टन्स मोजणाऱ्या मीटरचं, रीडिंग तेलाच्या तापमानाशिवाय वाचताच येत नाही. तापमान 10 अंशांनी वाढलं की दर वेळी हा रेझिस्टन्स साधारण निम्मा होतो. मागच्या वेळी 30 अंशांना 2000 मेगओहम असतील, तर नुकत्याच लोडवरून उतरवलेल्या, 60 अंशांच्या तेलाला 250 च्या आसपास येणं अपेक्षितच. घाबरायचं नाही. एक मिनिटाचं आणि दहा मिनिटांचं, दोन्ही रीडिंग घ्यायची. नंतर निदान तेवढाच वेळ वाइंडिंग डिस्चार्ज करायची. हे घाईत राहून जातं आणि शॉक बसतो.

बॅग: मेगर, क्लँप मीटर, टॉर्क रेंच, बायमेटॅलिक वॉशर, स्वतःचं कुलूप.

आयसोलेशनचं एक वाक्य लाल पेनने लिहिलंय. डीजीचा (डिझेल जनरेटरचा) ब्रेकरही कुलपात हवा. खालून 433 व्होल्ट चढले तर वर 11 केव्ही उभे राहतात, आणि माणूस नेमका वरच असतो.

कोणता आकडा आला तर ट्रान्सफॉर्मर चार्ज करायचा नाही, म्हणजे त्याला पुन्हा वीज द्यायची नाही, हेही आजच ठरवलं. साडेबारा वाजता प्रॉडक्शनवाले शेजारी उभे राहून "साहेब, चालेल ना?" म्हणतात, तेव्हा वाईट आकडा बरा वाटू लागतो. म्हणून तीन ओळी खाली लिहिल्या: एखाद्या फेजचा रेशो सुटीबाहेर, शॉर्ट सर्किट टेस्टमध्ये एका फेजचा करंट बाकी दोघांपेक्षा स्पष्ट वेगळा, किंवा दहा मिनिटांचं मेगर रीडिंग एक मिनिटापेक्षा खाली. यातलं एकही दिसलं तर आधी लीड आणि जोड तपासून पुन्हा मोजायचं. पुन्हा तेच आलं तर परमिट परत करायचं नाही, म्हणजे वीज येणार नाही.

मेगर चार्जिंगला लावला आहे. गाडी सव्वासहाला.