डब्याची वही: जून ते दिवाळीची सुट्टी

पहिलं सत्र संपलं. या वर्षी डब्याच्या नोंदी नेमाने ठेवल्या, त्यातल्या कामाच्या तेवढ्या इथे मांडतो. घरात 'नको'वाली मुलं असलेल्यांना बाकी प्रस्तावनेची गरज नाही.

आमची परिस्थिती अशी. थोरला पाचवीत, धाकटी दुसरीत. सकाळची शाळा. डबे पावणेसातला भरले जातात. छोटा डबा छोट्या सुट्टीत साडेनऊला उघडतो, मोठा पावणेबाराला. थोरला समोर येईल ते खातो, फक्त जास्त लागतं, त्यामुळे वहीत त्याला जागा नाही. सगळा खेळ धाकटीचा. एका पदार्थाला दुसऱ्याचा स्पर्श नको, दाताखाली अचानक काही येता कामा नये (मोहरी, कढीपत्त्याची काडी, कांद्याचा तुकडा), आणि चिकट काही चालत नाही. शाळेनेही आठवड्याचं वेळापत्रक दिलंय: सोमवारी पोळी-भाजी, एक दिवस उसळ, शुक्रवारी आवडीचा खाऊ. म्हणजे हात आधीच अर्धे बांधलेले.

जून-जुलै: जुळा डबा

मी घरूनच काम करतो. म्हणून एक उद्योग सुरू केला. तिच्या डब्यासारखाच दुसरा डबा भरायचा, ओट्यावर ठेवायचा आणि पावणेबाराला तोच, गरम न करता, खायचा. आठवडाभरातच तिच्या निम्म्या नखऱ्यांचा उलगडा झाला. सकाळी मऊ लुसलुशीत असलेले पोहे तोवर सुटे, कोरडे होऊन घशाशी अडकतात. साबुदाण्याची खिचडी म्हणजे रबर. डोसा चिवट. उपमा चमच्याने कापावा लागतो. तिला चव नको नव्हती, ते गार पोत नको होते, आणि खरं सांगायचं तर मलाही नको होते.

यामागचं कारण माहीत असलेलं बरं. शिजताना पिठातला स्टार्च पाणी शोषून फुगतो. गार होताना तो पुन्हा घट्ट बांधला जातो आणि पाणी बाहेर टाकतो. म्हणून पदार्थ कडक होतो. त्यात आपण गरमागरम भरून झाकण लावतो. वाफ झाकणाला धरते आणि थेंब होऊन खाली पडते, मग पोळी वरून ओली आणि आतून ताठ. आता सगळं आधी जाळीवर पसरून ठेवतो, वाफ जिरली की मगच झाकण. पावसाळ्यात एवढ्या एका सवयीने फार फरक पडतो.

पोह्यांवर बरीच खटपट केली: जाड पोहे, जास्त तेल, शेवटी दुधाचा हबका. थोडे सुधारले. आई दोन दिवस नुसती बघत होती. मग म्हणाली, "प्रवासाला कधी पोहे बांधून नेलेत का रे आपण?"

ऑगस्ट: शिदोरीचे पदार्थ

तिथून वहीची दिशाच बदलली. दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, भोपळ्याचे घारगे, धपाटे, गुळपोळी. हे पदार्थ गार खाण्यासाठीच जन्माला आलेत. एसटीच्या प्रवासात आपण ते दुसऱ्या दिवशीही आवडीने खाल्लेत. गरम खायचा पदार्थ डब्यात कसा टिकवायचा यावर डोकं आपटण्यापेक्षा हा रस्ता सोपा.

दशमी सध्या आमची हुकमी. दोन वाट्या कणीक, दोन चमचे तेलाचं मोहन, मीठ, आणि पाण्याऐवजी कोमट दूध, लागेल तसं. साधारण पाऊण वाटीच्या पुढे जातं. पीठ पोळीपेक्षा किंचित सैल मळून अर्धा तास झाकून ठेवायचं. मंद आचेवर, तूप सोडून भाजायची. तव्यावर जास्त वेळ ठेवली की दुधाचा सगळा फायदा गेला. दुधात गूळ विरघळवून गोड दशमी केली की त्यात पाव हिस्सा नाचणीचं पीठ खपतं. नाचणीत शंभर ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, पण तिच्या काळसर रंगावर धाकटीचा डोळा असतो. गुळामुळे रंगाबद्दल प्रश्न येत नाहीत. (दूध घातलेली दशमी त्याच दिवशी संपवावी, पावसाळ्यात तर नक्कीच.)

घारगे: एक वाटी किसलेला लाल भोपळा चमचाभर तुपावर वाफवायचा, त्यात पाऊण वाटी गूळ घालून विरघळेपर्यंतच ठेवायचं. गार झाल्यावर चिमूटभर मीठ, जायफळ, दोन चमचे तांदळाची पिठी आणि मावेल तेवढी कणीक. पाण्याचा थेंब नको. जाडसर थापून मध्यम आचेवर तळायचे. भोपळ्याची भाजी बघून तोंड फिरवणारी मुलगी छोट्या डब्यातले तिन्ही घारगे संपवून येते. भोपळा असतो हे तिला सांगितलंय. लपवाछपवी मला पटत नाही. एकदा कळलं की मुलं पुढचे चार पदार्थ संशयाने उलटेपालटे करून बघतात.

सप्टेंबर: थालीपीठ आणि घड्याळ

थालीपीठ अर्धं परत यायचं. चव आवडते, घरी दोन खाते. शेवटी तिनेच सांगितलं, "बाबा, चावेपर्यंत घंटा होते." मोठी सुट्टी वीस मिनिटांची, त्यातली पाच हात धुण्यात आणि रांगेत जातात. भाजणीचं गार थालीपीठ चावायला वेळ घेतंच. आता भाजणीत किसलेला दुधी आणि दही घालतो, कांदा जवळजवळ वाटूनच. थापायची पुरीएवढी छोटी, तव्यावर झाकण ठेवून. भरताना चार तुकडे. डबा रिकामा येतो.

वेळेचाच दुसरा भाग म्हणजे झाकण. रबरी कडीचा गळतीबंद डबा दुसरीतल्या बोटांना उघडत नाही, आणि बाईंना सांगायला लाज वाटते. नवा डबा घेताना तो मुलांकडून दुकानातच उघडून घ्यावा. आमच्याकडे आता साधा स्टीलचा, खिट्टीचा, आत वेगळ्या वाटीचा. शिवाशिवीचा प्रश्नही त्या वाटीने मिटला.

ऑक्टोबर

उकाडा. ओल्या नारळाची चटणी बंद, ती दुपारपर्यंत आंबते. त्याऐवजी शेंगदाण्याची कोरडी चटणी, वर तूप. सफरचंदाच्या फोडी मिठाच्या पाण्यात दोन मिनिटं बुडवून निथळल्या की काळ्या पडत नाहीत. मोड आलेल्या मुगाची उसळ अजून परत येते. मूग वाटून केलेली धिरडी चालतात, पण वेळापत्रकात 'उसळ' लिहिलंय. बाईंशी बोलणं बाकी आहे.

दुसऱ्या सत्रासाठी

मटार येतील, तेव्हा मटाराच्या सारणाची पुरी करून बघायची आहे; सारण कोरडं कसं ठेवायचं ते अजून जमवायचंय. धपाटे मात्र मला हवे तसे उतरत नाहीत, गार झाले की कडा तडकतात. मराठवाड्यातल्या कुणी ज्वारी, कणीक आणि बेसनाचं आपलं प्रमाण सांगितलं तर जानेवारीच्या आधी करून बघेन.