बाहेरचं पॅड बघून फसलो

दोन दिवसांचा प्रवास, मागे सामान भरलेलं, गाडी म्हणजे आमचा २० वर्षांचा पिकअप ट्रक. ब्रेक पुढे डिस्कचे, मागे ड्रमचे. निघताना गाडी ठणठणीत होती असं लिहिणार होतो, पण ते खरं नाही. महिनाभर ब्रेक मारताना एक बारीक चिरका आवाज येत होता आणि मी तो गंजावर ढकलत होतो. पॅड, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर दाबून गाडी थांबवणारी वडी, संपत आलं, साधारण २-३ मिमी उरलं, की त्याला लावलेली पत्र्याची पट्टी डिस्कला घासून असाच आवाज काढते.

पहिल्या दिवशी घाट उतरताना तिसऱ्या वळणावर खर्रर्र! लोखंडावर लोखंड. मित्र म्हणाला, डावं चाक. मला वाटत होतं, उजवं. जो ज्या बाजूला बसला, त्याला त्या बाजूचा आवाज. चेसिसमधून आवाज कुठूनही कुठे जातो, तेव्हा कानावर फार विसंबू नका.

खाली सपाट मोकळी जागा मिळाल्यावर तपासायला घेतलं. ब्रेक सोडला की आवाज लगेच बंद, म्हणजे बहुधा बेअरिंग नाही. बेअरिंगची घरघर वेगाबरोबर वाढते, वळणावर बदलते आणि ब्रेकची वाट बघत नाही. डिस्क आणि तिच्यामागच्या पत्र्यात खडा अडकला तरी ब्रेकशिवाय खरवडतं. थोडं रिव्हर्स घेतलं की कधीकधी पडूनही जातो. घेऊन पाहिलं, फरक नाही. मग चालण्याच्या वेगात हँडब्रेक हळूहळू ओढला. तो फक्त मागच्या ड्रमवर चालतो. गप्प. म्हणजे दुखणं पुढे. (काही जुन्या ट्रकांत हँडब्रेक प्रोपेलर शाफ्टवर, म्हणजे इंजिनची ताकद चाकांकडे नेणाऱ्या दांड्यावर असतो, तिथे ही युक्ती चालत नाही.)

इथपर्यंत शहाणपणा केला. पुढे माती खाल्ली. रिममधून बॅटरी मारली, दोन्ही बाजूंची बाहेरची पॅडं चांगली जाड दिसली, म्हणून तसेच पुढे निघालो.

दुसऱ्या दिवशी दुपारी जळका वास आला. उजव्या चाकाजवळ नुसता हात नेला तरी धग लागत होती. (हात लावू नका, आणि तापलेल्या डिस्कवर पाणीही ओतू नका.) थंड झाल्यावर चाक खोललं. बाहेरचं पॅड जसंच्या तसं, आतल्याची नुसती पाठीची पट्टी उरलेली, आणि डिस्कच्या आतल्या बाजूला नांगरल्यासारख्या चरा.

कारण कॅलिपरच्या, म्हणजे दोन्ही पॅडं डिस्कवर दाबणाऱ्या चिमट्याच्या पिना. आमच्यासारख्या सरकत्या कॅलिपरचा पिस्टन आतल्या पॅडला ढकलतो आणि कॅलिपर पिनांवर सरकून बाहेरचं पॅड ओढून घेतो. पिना गंजून बसल्या की सगळं काम आतल्या पॅडच्या गळ्यात. रिममधून दिसतं ते बाहेरचं, म्हणजे नेमकं आळशी. आतलं बघायला चाक काढावंच लागतं.

तुमच्या गाडीला एबीएस (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) असेल आणि थांबता थांबता, अगदी कमी वेगातच, पेडल थरथरून खरखर होत असेल, तर आधी चाकाच्या सेन्सरपाशी गंज बघा. तिथे पॅडांचा दोष नसेलही.

खरखर सुरू झाली की गाडी उभी करा आणि टोचन मागवा. मी केलं तसं करू नका. उतारावर असाल तर खालच्या गिअरमध्ये, जेमतेम पहिल्या सुरक्षित जागेपर्यंत.

चाक खोलताना बाकीच्या चाकांना दगड लावा, नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका. ब्रेकची धूळ फुंकू किंवा हवेने उडवू नका, जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा. किमान जाडी बहुतेक डिस्कवर कोरलेली असते. आमची त्याखाली गेली होती, म्हणून दोन्ही डिस्क बदलल्या, पॅडंही दोन्ही बाजूंची. पिनांना साधं ग्रीस नको, ब्रेकसाठीचं उष्णता सोसणारं लावा. आणि गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत पंप करा, नाहीतर पहिला ब्रेक लागतच नाही.

८०-१०० किलोमीटरनंतर चाकाचे नट पुन्हा तपासा. आमचा एक पाव आटा फिरला.