फाइल तुटली ते काकूंना सांगितलं

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. नौपाड्यातल्या माझ्या क्लिनिकमध्ये एका काकूंच्या खालच्या दाढेचं रूट कॅनाल चालू होतं आणि पुढच्या मुळात फाइल तुटली. आवाज वगैरे काही येत नाही, बोटांना एकदम ढिलं लागतं आणि बाहेर काढलेली फाइल आखूड दिसते. एक्स-रे काढला तर मुळाच्या टोकाजवळ साधारण ३ मिलीमीटरची पांढरी रेघ.

फाइल म्हणजे कॅनाल साफ करायची एकदम बारीक सुई, वाकड्या मुळात फिरून फिरून धातू थकतो आणि अनुभवी हातातही कधीतरी तुटते. काकूंच्या तोंडावर रबर डॅम, म्हणजे दाढेभोवती ताणून लावलेला रबरी पडदा, त्यांना काहीच कळलं नव्हतं. वरून कॅनाल भरून कॅप बसवली असती तर कदाचित कधीच कळलं नसतं.

मी डॅम काढला, खुर्ची सरळ केली, स्क्रीन त्यांच्याकडे फिरवली आणि म्हटलं, काकू, ही रेघ बघा, माझ्या सुईचा तुकडा आहे, आत अडकलाय. त्या गप्प. मग म्हणाल्या, "अगं, मग आता दाढ काढावी लागणार का?" नाही, म्हटलं, मायक्रोस्कोपखाली काम करणाऱ्या रूट कॅनाल स्पेशालिस्टकडे पाठवते, तो तुकडा काढायचा किंवा बाजूने वाट काढायचा प्रयत्न करेल, नाहीच जमलं तर तुकडा आत ठेवूनही दाढ टिकू शकते पण लक्ष ठेवावं लागेल, आणि त्याची फी मी देईन. हे सगळं तारीख-वेळेसकट केस पेपरवर लिहिलं, एक्स-रेची कॉपी त्यांना दिली.

रात्री एका डेंटिस्ट मैत्रिणीला फोनवर सांगितलं तर ती वैतागलीच, कबूल कशाला केलंस, उद्या कन्झ्युमर कोर्टात गेल्या म्हणजे? भीती खोटी नाही, १९९५ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालापासून पैसे घेऊन केलेली ट्रीटमेंट ग्राहक कायद्याखाली येतेच. पण त्याच कोर्टाने २००५ मध्ये जेकब मॅथ्यू केसमध्ये सांगितलंय की काहीतरी बिघडलं म्हणजे हलगर्जीपणा झालाच असं नाही, साधारण कुशल डॉक्टरने जेवढी काळजी घेतली असती तेवढी घेतली का ते बघायचं. फाइल तुटणं त्यात बसू शकतं. तुकडा आहे हे माहीत असून पेशंटला अंधारात ठेवणं कशात बसवणार?

खरं तर माझी चूक त्याच्या आधीची होती. माझा कन्सेंट फॉर्म इंग्रजीत, बारीक अक्षरात, काकूंनी रिसेप्शनवर न वाचता सही केलेली. २००८ च्या समीरा कोहली निकालात, केस स्त्रीरोगाची होती पण लागू आम्हालाही आहे, ट्रीटमेंट काय, धोके काय, दुसरे पर्याय काय हे आधी सांगून मग संमती घ्यायची असं स्पष्ट आहे. मी धोके सांगितलेच नव्हते, नुसती सही घेतली होती.

आता फॉर्म मराठीत आहे, त्यात फाइल तुटण्याची ओळ आहे आणि तो मी स्वतः शेजारी बसून वाचून दाखवते, मग पुढचा पेशंट दहा मिनिटं थांबला तरी चालेल.

काकूंचा तुकडा निघाला नाही, पण बाजूने वाट मिळाली. सहा महिन्यांनी एक्स-रे काढला तेव्हा मुळाखालचा इन्फेक्शनचा काळा डाग बराच लहान झालेला. त्याचीही कॉपी त्यांनी मागून घेतली.