व्हाल गार्देना: डोलोमाइट्समध्ये जाताय, तर एकाच खोऱ्यात राहा

व्हेनिसहून एका दिवसाच्या बसने डोलोमाइट्सचे डोंगर ‘करून’ येणारे बरेच भेटतात. माझं आग्रहाचं सांगणं आहे की तसं करू नका. सप्टेंबरात आम्ही आई-बाबांना घेऊन उत्तर इटलीतल्या व्हाल गार्देना खोऱ्यात, ऑर्तिसेई गावी मुक्काम केला. स्वतःच्या गाडीची गरज एकदाही पडली नाही.

व्हेरोनाहून रेल्वेने बोल्झानो साधारण दीड तास, पुढे बस. पाट्यांवर गावांची नावं तीन भाषांत असतात. ऑर्तिसेई, सांक्ट उलरिख आणि उर्तिजेई हे एकच गाव आहे, गोंधळू नका. हॉटेल ठरवताना ‘गेस्ट पास’ देतात का, ते आधी विचारा. त्यावर साउथ टायरॉलमधल्या, म्हणजे हे खोरं ज्या प्रांतात आहे तिथल्या, बस आणि प्रादेशिक रेल्वे मोफत आहेत. रोपवेचं तिकीट मात्र महाग असतं, म्हणून सकाळी वेबकॅमवर शिखर मोकळं दिसलं तरच काढा.

सेचेदा शिखरावर रोपवेच्या पहिल्या फेरीने जा. सुमारे अडीच हजार मीटरवर एका बाजूला हिरवा उतार आणि दुसऱ्या बाजूला थेट कडा. सह्याद्रीच्या काळ्या बेसाल्टची सवय असलेल्या डोळ्यांना हा फिकट दगड नवाच वाटतो. कोट्यवधी वर्षांपूर्वी उथळ समुद्रात साचलेला हा खडक संध्याकाळी नारिंगी-गुलाबी होतो, तेव्हा खोलीत बसू नका. आई-बाबांना सर्वांत आवडलं ते आल्पे दी सिउसी. सुमारे ५६ चौरस किलोमीटरचं हे उंचावरचं कुरण, वाटा रुंद आणि सोप्या. दिवसा ९ ते ५ खासगी गाड्यांना तिथल्या रस्त्यावर बंदी असते, तेव्हा रोपवे किंवा बसनेच जा.

इथे लादिन बोलतात. साऱ्या खोऱ्यांत मिळून जेमतेम तीसेक हजार लोकांची ही भाषा, तरी शाळेत इटालियन आणि जर्मनबरोबर ती शिकवली जाते, तिचं साप्ताहिकही निघतं. मराठी शाळांची काळजी वाहणाऱ्या माझ्यासारखीला हे बघून फार बरं वाटलं. ‘म्युझियम गेर्दाइना’त लाकूड कोरीवकामाची शतकांची परंपरा पाहायला मिळते, संतांच्या मूर्ती आणि लाकडी खेळणी इथून दूरदूर गेली.

स्की करणाऱ्यांना सेला पर्वताला चार खिंडींतून वळसा घालणारी ‘सेलारोंदा’ ही स्कीची वाट माहीत असेलच. डिसेंबरात सासलाँगच्या उतारावर स्की विश्वचषकाची डाउनहिल शर्यत होते, तेव्हा राहण्याची सोय फार आधी करा.

शाकाहारींनी ‘श्लुट्झक्राफेन’ मागवावं: पालक आणि रिकोटा चीज भरलेल्या, उकडलेल्या छोट्या करंज्या, वर वितळलेलं लोणी. ‘क्नोडेल’ म्हणजे पावाचे गोळे. त्यात बहुधा स्पेक, म्हणजे धुरावलेलं डुकराचं मांस असतं. चीजचे किंवा पालकाचे मागा आणि स्पेक नको हे वेगळं सांगा. बार्लीच्या सूपमध्येही ते असतं. गोडात ‘कायझरश्मार्न’, म्हणजे तुकडे केलेला जाड गोड पॅनकेक, दोघांत एक पुरतो.

जुलै-ऑगस्टमध्ये दुपारनंतर विजांचा पाऊस येतो, त्याआधी खाली उतरा. डोंगरातल्या निवासात राहणार असाल तर झोपायची पातळ खोळ आणि रोख युरो जवळ ठेवा. ऑक्टोबर सरता सरता बरेच रोपवे बंद होतात ते डिसेंबरपर्यंत, आणि हिवाळी हंगाम संपल्यावर पुन्हा मे अखेरपर्यंत. विमानाचं तिकीट काढण्याआधी या तारखा बघून घ्या.