तुम्ही विचारलंत म्हणून: न्येरेरे एवढे चांगले, मग टांझानिया गरीब का?

आफ्रिकेवर तोंड उघडलं की हा प्रश्न येतोच. टांझानियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे एवढे साधे, एवढे स्वच्छ, भारताने १९९५चा पहिला गांधी शांतता पुरस्कार त्यांनाच दिला. मग जवळजवळ २४ वर्षं त्यांच्या हाती असलेला देश कंगाल का झाला? विचारणाऱ्याचं उत्तर बहुतेक ठरलेलं असतं. काहींना 'समाजवाद' एवढंच ऐकायचं असतं, काहींना 'पाश्चात्त्यांचं कारस्थान'. दोन्हींपैकी काही म्हटलं नाही की मी प्रश्न टाळतोय असं वाटतं. म्हणून एकदा सविस्तर.

बुटियामातलं बालपण, एडिनबर्गची पदवी, मास्तरकी, ९ डिसेंबर १९६२ला टांगानिकाचं (आजच्या टांझानियाच्या मुख्य भूभागाचं) पहिलं राष्ट्राध्यक्षपद, मग झांझिबार बेटांशी जोडणी होऊन टांझानिया, हे तुम्हाला ठाऊक आहे. साधेपणाबद्दल मात्र एक सांगतो. ऑक्टोबर १९६६मध्ये सक्तीच्या राष्ट्रीय सेवेविरुद्ध विद्यार्थी मोर्चा घेऊन त्यांच्या दारात आले. पोरं पगाराची भाषा बोलतात म्हणून संतापून न्येरेरेंनी स्वतःचा पगार वीस टक्क्यांनी कमी केला. आणि त्याच वेळी सुमारे ४०० विद्यार्थ्यांना शिक्षणातून काढून घरी पाठवलं. आपल्याकडे व्याख्यानांत पगाराचीच गोष्ट येते, विद्यार्थ्यांची येत नाही.

आता मुद्द्याचं. सप्टेंबर १९७३मध्ये न्येरेरेंच्या सत्ताधारी टानू पक्षाने ठरवलं की १९७६ संपायच्या आत सगळ्या ग्रामीण जनतेने गावठाणांत राहायला यायचं. एकत्र राहायचं, एकत्र कसायचं, ही न्येरेरेंची समाजवादाची कल्पना. त्याआधीची सहा वर्षं हे स्वखुशीचं होतं, निदान कागदावर. त्या नोव्हेंबरात न्येरेरेंनी गावात राहणं हा हुकूम असल्याचं जाहीर केलं आणि पुढच्या तीनेक वर्षांत सुमारे १ कोटी ३० लाख माणसं सात हजारांहून अधिक गावांत मोजली गेली. १९७८च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या पावणेदोन कोटी होती, म्हणजे प्रमाण लक्षात येईल.

पद्धत साधारण अशी. जिल्ह्याचे अधिकारी रस्त्यालगतची जागा निवडायचे, कारण ट्रक तिथवर पोचतो आणि वरून आलेल्या साहेबाला गाव गाडीतून दिसतं. पाण्याची पाहणी घाईत, कधी मुळीच नाही. ओळीत प्लॉट आखायचे आणि कोरड्या महिन्यांत माणसं हलवायची. जे निघत नसत त्यांच्या घराची छपरं उतरवली जात, पुष्कळ ठिकाणी घरं जाळली गेली, म्हणजे परत यायला काही उरू नये. नव्या जागी चार भिंती उभ्या करेपर्यंत पहिला पाऊस येई आणि पेरणीची वेळ हुकत असे.

यात नेमकं काय बिघडलं ते हिशेबाने पाहा. १९७५च्या कायद्याने गाव म्हणजे किमान २५० कुटुंबं. कुटुंबामागे दोन हेक्टर कसायचे म्हटले तर ५०० हेक्टर. पण ही शेती पडीक ठेवण्यावर चालणारी. एक वर्ष कसून तीन वर्षं पडीक ठेवायचं तर लागतात २,००० हेक्टर. गावाभोवतीची प्रत्येक वीत लागवडीची आहे असं धरलं, तरी शेवटचं शेत अडीच किलोमीटरवर जातं. गाव ५०० कुटुंबांचं झालं की साडेतीन किलोमीटरवर. त्यात डोंगर, खडक, गुरांचं रान मिळवा. पूर्वी माणूस शेतातच राहायचा. आता जाऊन-येऊन दीड-दोन तास चाल. रात्री राखणीला कोणी नाही, म्हणून रानडुकरांचं फावलं. दूरचं शेत सोडून लोक जवळचंच दरवर्षी कसू लागले. जमिनीचा कस गेला.

दक्षिणेकडच्या काजूचं तर विचारूच नका, आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या वाचकाला हे समजावून सांगायची गरजही नाही. बोंड पिकून बी खाली पडते, ती वेचायची तर हंगामाआधी झाडाखाली बेणणी, म्हणजे गवत-झुडपांची सफाई, झालेली हवी. झाडं राहिली जुन्या वस्त्यांवर, माणसं गेली रस्त्याकडेला. रान माजलं, वणव्यात बागा जळाल्या, उरलेल्या झाडांवर भुरी रोग पसरला. गंधकाची भुकटी मारायला तिथे माणूसच नव्हता. सरकारी खरेदीचा भाव इतका पडला होता की एवढी पायपीट परवडतही नसे. १९७३-७४च्या हंगामात १ लाख ४५ हजार टन काजू बी निघाली होती. ८०च्या दशकाच्या मध्यानंतर ती २० हजार टनांच्याही खाली गेली.

हो, तेलाचे भाव वाढले, सलग दोन हंगाम दुष्काळ पडला, परकीय चलन मका आयात करण्यात गेलं. पुढे युगांडाच्या इदी अमीनने सीमेवरचा कागेरा भाग बळकावला आणि त्या युद्धाचा खर्च ५० कोटी डॉलरच्या घरात गेला. हे सगळं मी आजही सांगतो आणि सांगत राहीन. पण तेलाच्या भावाने झाडाखालची बेणणी थांबत नाही.

एके काळी 'कल्पना उत्तम, अंमलबजावणी वाईट' हे माझं तयार उत्तर होतं. आता ते पटत नाही. रुवुमा भागात सतरा गावं स्वतःहून एकत्र शेती करत होती, स्वतःच्या शाळा चालवत होती, अधिकाऱ्यांना उलट प्रश्न विचारत होती. न्येरेरेंनी त्यांचं कौतुक केलं होतं. सप्टेंबर १९६९मध्ये त्यांची संघटना टानूच्याच केंद्रीय समितीने बरखास्त केली, मालमत्ता जप्त केली. कल्पना उत्तम होती तर ती चालवून दाखवणारेच का नको झाले? १९७१च्या नाताळाच्या दिवशी इस्मानीत, सामूहिक शेतीच्या वादातून, इरिंगाचे प्रादेशिक आयुक्त विल्बर्ट क्लेरू यांना एका मका पिकवणाऱ्या शेतकऱ्याने गोळी घातली. शेतकऱ्याला फाशी झाली. त्यानंतर दोन वर्षांच्या आत गावात राहण्याचा हुकूम निघाला. मधल्या काळात, १९७२मध्ये, निवडून आलेल्या स्थानिक संस्था गुंडाळल्या. १९७६मध्ये सहकारी संघ. 'साहेब, इथे पाणी नाही' म्हणायची हक्काची जागाच उरली नाही. न्येरेरेंनी स्वतःसाठी एक पैसा खाल्ला नाही, याचा इथे काय उपयोग?

तरी न्येरेरेंनी देश 'बुडवला' असं मी म्हणणार नाही. १९६७मध्ये प्रौढांपैकी सुमारे दोन-तृतीयांश निरक्षर होते, दहा वर्षांत ते प्रमाण सरकारी मोजणीनुसार २७ टक्क्यांवर आलं. लोक एका ठिकाणी आले म्हणून शाळा-दवाखाने पोचले, हे खरं. पण त्यासाठी घर जाळावं लागत होतं का? १९८५मध्ये ते स्वतःहून पायउतार झाले, शेजारी असं कोण करत होतं? विनाचौकशी डांबून ठेवण्याचा १९६२चा कायदाही त्यांचाच, आणि तोही तसाच राहिला. ही बेरीज-वजाबाकी माझ्याकडून जुळत नाही. जुळते म्हणणाऱ्यावर माझा विश्वास नाही.

१९८४मध्ये, पुन्हा सुरुवात केली तर काय करणार नाही, याबद्दल बोलताना त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या: स्थानिक संस्था आणि सहकारी संघ मोडले, ते करणार नाही. सक्तीची गावं त्या दोनांत नव्हती. हलवलेली माणसं मात्र विसरली नाहीत. १९८०च्या दशकात जुन्या जमिनींसाठी न्यायालयांत दावे लागले. सरकारने १९९२मध्ये कायदा करून ते हक्कच संपवायला घेतले. १९९४मध्ये अपील न्यायालयाने सांगितलं की वहिवाटीचा हक्क ही घटनेने संरक्षण दिलेली मालमत्ता आहे. न्येरेरे तेव्हा हयात होते.