उणे पंचवीस अंशांतला बोल्ट

फिनलंडची लोकसंख्या साधारण 55 लाख, आणि त्यांतली सुमारे 3 लाख माणसे दरवर्षी शिकारीचे शुल्क भरतात. त्यामुळे ओउलूसारख्या शहरातही शेजाऱ्याच्या पडवीत टेबलावर जुने वर्तमानपत्र अंथरून रायफल साफ होताना दिसली, तर त्याचे कुणाला काही वाटत नाही. आपल्याकडे रायफल म्हटले की पोलिसांच्या खांद्यावरची थ्री-नॉट-थ्री डोळ्यांसमोर येते आणि एनसीसीत असलेल्यांना पुलथ्रूच्या दोरीला अडकवून नळीतून ओढायची ती चिंधी आठवते. नळी चकचकीत झाली की सफाई झाली, असाच आपला समज असतो. इथे हिवाळ्यात जास्त काळजी बोल्टची, म्हणजे नळीचे मागचे तोंड बंद करणाऱ्या, मुठीने मागेपुढे सरकवायच्या दांड्याची घ्यावी लागते, आणि ती काळजी तेल घालण्यापेक्षा तेल काढून टाकण्याची असते.

आमच्या शेजारच्या निवृत्त गृहस्थांकडे टिक्का टी-थ्री-एक्स ही रायफल आहे. रीहिमाकी गावातला साको कारखाना ती बनवतो. कॅनडाच्या उत्तर भागात गस्त घालणाऱ्या रेंजर्सकडे वर्षानुवर्षे ली-एनफिल्ड, म्हणजे आपल्या थ्री-नॉट-थ्रीचीच भावंडे होती. त्यांच्या जागी आलेली रायफलही याच टिक्काच्या रचनेवर बेतलेली आहे. कडाक्याच्या थंडीत चालणारे हत्यार म्हणून तिची निवड झाली, हे आमचे शेजारी अभिमानाने सांगतात. मूस या थोराड हरणाच्या शिकारीचा मुख्य हंगाम ऑक्टोबरपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत चालतो, आणि त्याच्या शेवटच्या आठवड्यांत पारा उणे 25 अंशांखाली जाणे ही इकडे नित्याची गोष्ट आहे.

सफाईला बसताना ते आधी मॅगझिन काढतात, बोल्ट मागे ओढून चेंबर, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाची काडतूस बसायची जागा, रिकामे असल्याचे डोळ्यांनी पाहतात, शिवाय आत करंगळी घालून खात्री करून घेतात, आणि मगच बोल्ट बाहेर काढतात. काडतुसे त्या खोलीत ठेवायचीच नाहीत, हा त्यांचा नियम. बोल्टची मागची टोपी अंगठ्याने दाबून फिरवली की काडतुसावर ठोका देणारी फायरिंग पिन आपल्या स्प्रिंगसकट बाहेर येते. त्याला कोणतेही हत्यार लागत नाही. पिन निघाली की बोल्टची मूठही सुटून हातात येते, कारण तिला जागेवर धरून ठेवणारी पिनच असते. पहिल्यांदा पाहणाऱ्याला काहीतरी मोडले असे वाटावे, इतकी ती सहज सुटते.

खरा मळ बोल्टच्या तोंडाशी असतो. काडतुसाचा बुडखा जिथे टेकतो त्या खोलगट जागेत काजळी साचते, आणि रिकामे टरफल ओढून काढणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरच्या नखाखाली पितळेचा बारीक, सोनेरी कीस अडकून बसतो. दात घासायच्या जुन्या ब्रशने आणि टोकदार लाकडी काडीने तो कोरून काढावा लागतो. टरफल बाहेर फेकणारी बारीकशी खुंटी काडीने दाबून पाहायची. ती चटकन वर आली नाही, तर तिच्या भोकात घाण गेली आहे असे समजावे. पिन आणि स्प्रिंग मात्र ते द्रावकाने धुऊन, कापडाने पुसून अगदी कोरडी करतात.

या कोरडेपणामागे साधे कारण आहे. थंडीत तेल घट्ट होते. पिन ज्या वेगाने पुढे जाऊन काडतुसाच्या बुडातल्या, ठोक्याने पेटणाऱ्या टोपीवर आदळायला हवी, तो वेग घट्ट झालेल्या वंगणातून वाट काढताना मंदावतो. ठोका हलका पडतो, नुसता ‘खट्’ आवाज येतो आणि गोळी सुटत नाही. 1941 च्या हिवाळ्यात मॉस्कोजवळ जर्मन सैन्याच्या बंदुका अशाच वंगण गोठून अडल्या होत्या. आपण शिलाई मशीनला तेल सोडतो तसे सढळ हाताने इथे सोडले, तर ऐन वेळी रायफल दगा देते. असा ‘खट्’ झालाच, तर घाईने बोल्ट उघडायचा नाही; नळी सुरक्षित दिशेला धरून निदान अर्धा मिनिट थांबायचे, कारण क्वचित काडतूस उशिरानेही पेटते.

पण सगळाच बोल्ट कोरडा ठेवून भागत नाही. नळीमागे फिरून अडकणारे जे दोन खटके स्फोटाचा सारा दाब पेलतात, त्यांच्या मागच्या बाजूला धातूवर धातू घासतो. तिथे थंडीत न गोठणाऱ्या ग्रीसचा तांदळाच्या दाण्याएवढा ठिपका, आणि मूठ उचलताना पिन मागे सारणाऱ्या उतरत्या खाचेत तसाच आणखी एक ठिपका, एवढे पुरते. बोल्टच्या अंगावरून तेलाचे बोट फिरवून लगेच कोरडे कापड फिरवतात. बोल्टच्या तोंडाला आणि चेंबरला तेल अजिबात लावायचे नाही. चेंबर तेलकट राहिले, तर टरफल भिंतीला धरून राहत नाही आणि मागे बसणारा धक्का खटक्यांवर जास्त येतो.

तेलाइतकीच भीती पाण्याची. बाहेरून आणलेली गारठलेली रायफल उबदार घरात उघडी ठेवली, की काही क्षणांत तिच्यावर दव धरते. तेच पाणी बोल्टच्या आत शिरते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे बाहेर पडताच गोठते. म्हणून सलग शिकारीच्या दिवसांत रायफल गरम न केलेल्या, कुलूपबंद खोलीत राहते, आणि घरात आणायचीच झाली तर म्यानातच ठेवून सावकाश उबेला येऊ देतात.

उन्हाळ्यात ही सारी पथ्ये सैल होतात. तेव्हा काळजी गंजाची असते, म्हणून हंगाम संपल्यावर ते बोल्टला बॅलिस्टॉलचा पातळ थर देऊन ठेवतात. त्या तेलाला बडीशेपेसारखा वास येतो, आणि ऑक्टोबर जवळ आला की तोच थर पुन्हा पुसून काढण्याचे काम निघते.