ब्रूडरमधला ‘ड’

जर्मन शिकायला लागून दोनेक महिने झाले असतील. निबंधात मी ‘ब्रूडर’ऐवजी ‘ब्रूटर’ लिहिलं. वडील फाटर, आई मुटर, मग भावानंच काय घोडं मारलंय? इंग्रजीत फादर, मदर, ब्रदर कसे एका माळेत बसतात! शिक्षिकेनं लाल रेघ मारली आणि म्हणाल्या, “असंच असतं, पाठ करा.” केलं पाठ. पण खुपत राहिलं.

उत्तर कितीतरी वर्षांनी मिळालं, आणि तेही संस्कृतात.

जर्मन भाषाशास्त्रज्ञ याकोब ग्रिमचा 1822चा नियम सांगतो की संस्कृत, इंग्रजी, जर्मन यांच्या सामाईक पूर्वज भाषेतल्या प, त, क यांचे जर्मानिक भाषांत (इंग्रजी, जर्मन वगैरे) फ, थ, ह झाले. पाद–फूट, त्रि–थ्री. (डॅनिश भाषाशास्त्रज्ञ रास्मुस रास्कनं यातलं बरंचसं 1818मध्येच मांडलं होतं, पण नाव ग्रिमचं लागलं.) म्हणजे पितृ, मातृ, भ्रातृ या तिघांतल्या ‘त’चा ‘थ’ व्हायला हवा. जुन्या इंग्रजीत बघावं तर तो फक्त भावाच्या शब्दात. आईवडिलांच्या शब्दांत ‘ड’. आज तिघं सारखे दिसतात ती नंतरची सारवासारव.

हा अपवाद सोडवला कार्ल व्हर्नर या डॅनिश माणसानं. त्याचा लेख 1877चा. झोप यावी म्हणून तो तौलनिक व्याकरणाचं पुस्तक चाळत होता आणि तेव्हा हे सुचलं, असं सांगतात. वैदिक ‘पिता’, ‘माता’ यांत उदात्त, म्हणजे शब्दातला मुख्य आघात, शेवटच्या अक्षरावर, ‘भ्राता’मध्ये पहिल्या. ‘थ’च्या लगेच आधीच्या स्वरावर आघात असेल तर तो टिकला, नसेल तर घोष होऊन (उच्चारात कंठाचा नाद मिसळून) ‘ड’कडे झुकला. जर्मननं पुढे आणखी एक फेरा घेतला: ‘ड’चा ‘ट’ केला आणि ‘थ’चा ‘ड’. म्हणून फाटर, मुटर, पण ब्रूडर!

मग मी ऋग्वेदाची स्वरांकित संहिता उघडली. गंमत म्हणजे उदात्ताला तिथे खूणच नसते. ‘पिता’च्या ‘पि’खाली अनुदात्ताची (उदात्ताआधीच्या खालच्या स्वराची) आडवी रेघ, ‘भ्राता’च्या ‘ता’वर स्वरिताची (उदात्तानंतरच्या उतरत्या स्वराची) उभी. ज्या अक्षरानं एवढा घोळ घातला ते कोरं. आपल्या मराठीनं तर तो आघात केव्हाच टाकून दिला.

आता जुनी वही काढून बसलोय. श्नायडन, श्निट, गेश्निटन: कापणे, कापलं, कापलेलं. इथेही ‘ड’चा ‘ट’, इथेही व्हर्नरच. आणि समासात माझ्याच अक्षरात लिहिलंय, ‘अनियमित. पाठ करणे.’